न झालेली भेट

गार पाण्यात हात घातला की काहींची बोटं पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात. या विकाराला रेनॉ म्हणतात. शिकागो विद्यापीठातले ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक डॉन स्वॉन्सन डॉक्टर नव्हते, पण १९८६ मध्ये त्यांनी यावर एक उपाय सुचवला: माशाचं तेल.

हे त्यांना सुचलं ते वाचनातून. रेनॉवरचे निबंध सांगत होते, की या रुग्णांचं रक्त दाट असतं, रक्तातल्या बिंबाणू पेशी चटकन एकमेकींना चिकटतात. माशाच्या तेलावरचे निबंध सांगत होते, की त्यानं रक्ताचा दाटपणा आणि हा चिकटपणा कमी होतो. दोन्ही गोष्टी छापून आलेल्या, ग्रंथालयात उपलब्ध! पण एका विषयाचे अभ्यासक दुसऱ्याचं वाचतच नव्हते. पुढे रुग्णांवरच्या चाचणीतूनही या कल्पनेला पुष्टी मिळाली.

१९८८ मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातले अकरा दुवे असेच जुळवले. नंतर नील स्मॉलहायझर यांच्यासोबत ‘ॲरोस्मिथ’ नावाची संगणकप्रणाली घडवली. दोन विषय सांगा. दोन्हींकडच्या निबंधांच्या शीर्षकांत समान येणारे शब्द ती शोधून काढते. यादी लांबलचक निघते, त्यात फोलच जास्त. दाणे निवडायचे ते संशोधकानंच. मला ही वाटणी फार मोलाची वाटते. हजारो शीर्षकं न थकता चाळणं माणसाला झेपत नाही; पण ‘दाट रक्त’ या शब्दांपाशी थबकायचं, हे त्या विकाराची जाण असलेल्यालाच कळतं.