काकड आरती आणि गळ्याची निगा



सर्वांच्या हातभाराने मंदिर नवे झाले. परंतु पहाटे काकडा म्हणणारा गळा शाबूत नसेल, तर सभामंडप मुकाच राहील. आश्विन-कार्तिकाच्या गारठ्यात उठल्याउठल्या वरच्या पट्टीत अभंग धरला जातो आणि पौर्णिमेआधीच पुष्कळांचा घसा बसतो.

रात्रभराच्या झोपेने स्वरतंतू किंचित सुजतात, म्हणून सकाळी आवाज जड लागतो. गाताना हे तंतू सेकंदाला १०० हून अधिक वेळा एकमेकांवर आदळतात. वारंवार खाकरल्याने ते अधिकच दुखावतात. प्यालेले पाणी त्यांना थेट लागत नाही, अंगात मुरून पोचते. म्हणून अर्धा तास आधी कोमट पाणी प्यावे. मग ओठ मिटून गुणगुणावे, खर्जाचा सा लावावा, पट्टी सावकाश चढवावी. रात्री जेवून लगेच आडवे होऊ नये. घसा बसल्यास कुजबुजण्यापेक्षा मौन बरे.

आवाज ३ आठवड्यांत न सुटल्यास घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू-विडी ओढणाऱ्या-खाणाऱ्यांनी तर चालढकल करूच नये. कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते.

कळस दगडविटांवर उभा राहतो, काकडा माणसाच्या गळ्यावर. दोन्ही जपावेत. रामकृष्णहरी.