धंद्याची किंमत कशी काढतात?

नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात फायनान्शियल मॉडेलिंग आणि व्यवसायाचं मूल्यांकन शिकता येतं. तिथे नेमकं काय शिकवतात, ते आज पाहू.

सुरुवात होते नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक एक्सेलमध्ये एकमेकांना जोडण्यापासून. विक्रीचा अंदाज बदलला की तिन्ही पत्रकं आपोआप बदलावीत आणि ताळेबंद जुळलाच पाहिजे.

मग येतं मूल्यांकन. १२ टक्के परताव्याची अपेक्षा असेल, तर वर्षभराने मिळणाऱ्या ११२ रुपयांची आजची किंमत १०० रुपये. समजा, एखाद्या धंद्यातून पुढच्या वर्षी ७ लाख रुपये हाती उरतील आणि ही रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत राहील. १२ मधून ५ वजा केले, उरले ७ टक्के. त्याने ७ लाखांना भागलं की किंमत येते १ कोटी. वाढ ६ टक्के धरली, तर किंमत होते सुमारे १ कोटी १७ लाख! म्हणून प्रत्येक गृहीतकामागचं कारण लिहून ठेवायला हवं.

मात्र वर्गाचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. कंपनी कायदा २०१३ नुसार लागणारं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककच करतात. त्यासाठी पात्रता, अनुभव आणि परीक्षा आवश्यक असते. ही नोंदणी आयबीबीआय, म्हणजे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ करतं.

प्रवेश घेण्यापूर्वी एवढं जरूर विचारा : खऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती देऊन, कोऱ्या शीटवर संपूर्ण मॉडेल आमच्याकडून करून घ्याल का?