रक्त कमी आहे, पण का?

'डॉक्टरबाई, अंगात रगातच न्हाई,' असं सांगत बायका येतात आणि उपायही स्वतःच सांगतात, 'बीट खाते, गूळ खाते.' कोल्हापुरात बसून गुळाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण चारवर आलेलं हिमोग्लोबिन गुळानं वर येत नसतं.

बाईचं हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली गेलं की आपण रक्तक्षय म्हणतो. आठच्या खाली, गरोदरपणी सातच्या खाली, तो तीव्र. बहुधा तो हळूहळू येतो आणि शरीर जमवून घेतं. जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. घरात म्हणतात, वय झालं.

मग रक्त गेलं कुठं? पाळीत सात-आठ दिवस भरपूर जात असेल, तर बाई ते सांगत नाही. तिला वाटतं, सगळ्यांचं असंच असतं. गगनबावड्याकडं भाताच्या रोपलावणीला अनवाणी चिखलात उभं राहावं लागतं. उघड्यावरच्या शौचानं माती दूषित झालेली असेल, तर अंकुशकृमी तळपायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. तिथं नुसती लोहाची गोळी म्हणजे गळक्या घागरीत पाणी. आणि पुरुषाचं रक्त कमी झालं, तर पोटातला व्रण, मूळव्याध, क्वचित कर्करोगही शोधावा लागतो.

दर वेळी लोहच कमी असतं असंही नाही. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जिवावरचा रक्तक्षय होत होता. तिनं त्यांना यीस्टचा अर्क, मार्माइट, देऊन पाहिला आणि त्या सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्यातलं द्रव्य पुढं फोलिक आम्ल ठरलं. आपल्या पालेभाज्यांत ते असतं, फार शिजवलं की बरंच निघून जातं. शाकाहारी माणसात मात्र ब-१२ कमी असू शकतं. तिथं नुसतं फोलिक आम्ल दिलं तर रक्त वाढतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून आधी रक्ताची तपासणी, मग औषध.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आकडा सुधारल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवा. तिनं शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.