संकोचापेक्षा तपासणी बरी
(भाषणाचा मजकूर)



दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी खानदेशातील खेड्यापाड्यांतून हजारो मुलेमुली शिक्षणासाठी घर सोडतात. रावेर-यावलचा केळीचा पट्टा, साक्रीचा माळ, शिरपूर-चोपड्याचा सातपुड्याचा पायथा अशा ठिकाणांहून ती जळगाव, धुळे, अमळनेर येथील महाविद्यालयांत येतात. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. या विद्यापीठामुळे खानदेशाचे शिक्षण खानदेशातच पार पडू लागले. घरची माणसे निघताना मुलांना अंथरूण-पांघरूण देतात, फराळाचा डबा देतात, उपदेशही देतात. मात्र शरीराविषयी, तारुण्याविषयी आणि त्यातून उद्भवणाऱ्या रोगांविषयी एक शब्दही त्या शिदोरीत नसतो. ही उणीव कोण भरून काढते? बसस्थानकाच्या भिंतीवरील ‘गुप्तरोगांवर हमखास इलाज’ ही जाहिरात.

रोग जुने, मौनही जुने

या रोगांची ओळख आपल्या समाजाला नवी नाही. उपदंशाला सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने ‘फिरंग रोग’ असे नाव दिले. बोलीत त्याला गरमी म्हणतात आणि पूयप्रमेहाला परमा. नावे घरोघर ठाऊक असतात, पण ती उच्चारली जातात शिवीसारखी. या मौनाविरुद्ध महाराष्ट्रात प्रा. र. धों. कर्वे यांनी आयुष्य वेचले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी प्राध्यापकी गेली आणि अश्लीलतेचे खटले अंगावर आले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. कर्व्यांचे सांगणे साधे होते: रोग हा रोग आहे, त्याला पापाची शिक्षा समजू नये.

लक्षण नाही म्हणजे रोग नाही, असे नव्हे

लैंगिक संसर्गाने पसरणारे रोगजंतू तीसहून अधिक आहेत. त्यांपैकी आठ विशेष आढळतात. उपदंश, पूयप्रमेह, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार औषधाने पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात या चारांचे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग जगभर झाले. उरलेले चार विषाणूंचे आहेत: कावीळ ब, नागीण वर्गातील हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही. यांपैकी कावीळ ब आणि एचपीव्ही यांना लस अडवू शकते. एचआयव्ही नियमित औषधाने ताब्यात राहतो.

या रोगांची खरी फसवणूक त्यांच्या गुप्तपणात आहे. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाविना आपोआप भरून येतो. तरुणाला वाटते, संकट टळले. प्रत्यक्षात रोग रक्तात शिरलेला असतो. पुढे अंगावर पुरळ उठते, तेही मावळते. काही वर्षांनी मात्र हृदय आणि मेंदू यांवर घाला येतो. गरोदर स्त्रीला तो असल्यास मूल पोटातच दगावण्याचा धोका असतो. आरंभीच्या अवस्थेत हाच रोग पेनिसिलिनच्या एका सुईने बरा होतो. क्लॅमिडियाची बहुतेक स्त्रियांत काहीच खूण दिसत नाही, आणि पुढे मूल न होण्याचे कारण शोधू लागल्यावर त्याचा उलगडा होतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, परंतु प्रजननमार्गाचा अथवा लैंगिक स्वरूपाचा किमान एक आजार तब्बल ९२ टक्के स्त्रियांत निघाला. त्यापूर्वी तपासणी व उपचार झाले होते केवळ ८ टक्के स्त्रियांचे. यांतील सर्वच आजार लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणूनच अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या मुलीच्या चारित्र्याची चौकशी करणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

तपासणी कशी होते

धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ लैंगिक आजारांसाठी, तर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ एचआयव्हीच्या चाचणीसाठी असते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहे. १०९७ या क्रमांकावर नि:शुल्क माहिती मिळते.

केंद्रात प्रथम समुपदेशक एकांतात बोलतो, शंका ऐकतो आणि संमती घेतो. मग थोडे रक्त घेतले जाते. उपदंश आणि एचआयव्ही रक्तावरून कळतात. पूयप्रमेह व क्लॅमिडिया यांसाठी लघवी किंवा स्राव तपासावा लागतो. ती सोय नसेल तेथे लक्षणांवरून ठरलेल्या औषधांचा रंगीत संच दिला जातो. करडा, हिरवा, पांढरा असे हे सात संच असून कोणत्या लक्षणाला कोणता, हे निश्चित आहे. एचआयव्हीची चाचणी आणि उपचार दोन्ही विनामूल्य आहेत. संसर्गानंतर काही आठवडे रक्तात खूण उमटत नाही. म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. रोग निघाल्यास जोडीदाराचाही उपचार व्हावा, नाहीतर तो फिरून येतो.

ज्याच्यावर वा जिच्यावर बळजबरी झाली आहे, त्याने दिवस मोजत बसू नये. एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, सुरू करावे लागते.

औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन त्रास थांबताच सोडून देणे हा सर्वांत घातक मार्ग. लक्षण जाते, जंतू राहतो आणि त्या औषधाला दाद देईनासा होतो. पूयप्रमेहाच्या जंतूने अनेक जुनी औषधे अशीच निकामी केली आहेत.

कायदा काय सांगतो

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीविना चाचणी करता येत नाही, निष्कर्ष गुप्त राखावा लागतो आणि संसर्गाच्या कारणावरून कोणाला शाळा, महाविद्यालय वा नोकरी नाकारता येत नाही. महाविद्यालयात शिबिर भरले तरी चाचणी ऐच्छिकच असावी. निष्कर्षांची यादी प्राचार्यांच्या टेबलावर येता कामा नये. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या चाचणीला पालकांची संमती लागते. बालकावरील लैंगिक अत्याचार कानी आल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

गावाचे आणि शाळेचे काम

लैंगिक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या भिंती एकदा या दृष्टीने पाहाव्यात. असा मजकूर दिसल्यास तक्रार करावी आणि त्याच भिंतीवर जवळच्या केंद्राचा पत्ता आणि १०९७ हा क्रमांक रंगवून घ्यावा. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत आशा कार्यकर्तीला या विषयावर बोलू द्यावे. अहिराणी, लेवा किंवा पावरी बोलीत समजावलेली गोष्ट छापील पत्रकापेक्षा मनात खोल रुजते.

शिक्षकांनी व्याख्यान द्यायलाच हवे असे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात डॉक्टरांना बोलवावे. प्रश्न निनावी चिठ्ठ्यांवर मागवावेत. एखादा विद्यार्थी एकटा येऊन काही सांगू लागला, तर ‘कुठून आणलेस?’ हा प्रश्न टाळून ‘उद्या रुग्णालयात जा, सोबत येऊ का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते आणि भोंदूच्या दारी जाते. दुसऱ्याने ते उपचारापर्यंत पोहोचते.

मलेरियाच्या तापासाठी रक्त देताना खानदेशातील कोणाही माणसाची मान खाली जात नाही. या रोगांची तपासणीही तितक्याच सहजतेने होऊ लागेल, तेव्हा कित्येक संसार, कित्येक गर्भातील जीव आणि कित्येक अर्धवट सुटणारी शिक्षणे वाचतील. त्या कामाचा आरंभ वर्गातून आणि ग्रामसभेतून व्हावा.