घड्याळाचा छडा : खिशातून गळ्यात
(वडूज येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या पेटीच्या तळाशी चांदीचा एखादा काळवंडलेला छडा पडून असेल. पणजोबांच्या जाकिटाच्या खिशात घड्याळ असे आणि छड्याची आडवी दांडी काजात अडकविलेली असे. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ हळूहळू मनगटावर गेले आणि छडा निराधार झाला. आता देशोदेशीच्या स्त्रिया असे छडे गळ्यात घालू लागल्या आहेत. पुरुषाच्या खिशातील वस्तू बाईच्या गळ्यात कशी शोभेल, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच, की पुतळीही मुळात दागिना नव्हती. ते व्हेनिस नगरीचे सोन्याचे नाणे. आपल्या पूर्वजांनी त्याला कडी लाविली आणि त्याची माळ महाराष्ट्राची झाली.

खटाव, माण, आटपाडी, खानापूर या तालुक्यांतील माणसे गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पसरली. मोड वितळवून शुद्ध चांदी काढण्यात त्यांचा हातखंडा. परंतु जो हात गाळू जाणतो, त्यानेच काय गाळू नये हेही जाणले पाहिजे. इंग्रजी बनावटीच्या उत्तम छड्यात हजारी ९२५ भाग चांदी असते. दहा तोळ्यांचा छडा मुशीत घातला, तर फार तर सव्वानऊ तोळे शुद्ध चांदी हाती येते. कारागिराची घडण मात्र कायमची जाते.

हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. सन १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी आजोबांचा छडा स्वतःच्या हाताने मुशीत घातला. घरात दाणा नव्हता. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आजीने केवळ आडवी दांडी मागून घेतली व ती मरेपर्यंत पदराच्या गाठीत बाळगली. आज ती दांडी आमच्या पुतणीच्या गळ्यात साध्या साखळीला लोंबते. आजोबांना तिने पाहिले नाही. पण ते कोण, हे ती विचारते.

गरज ही गरजच. पण आज पुष्कळ छडे गरजेपोटी नव्हे, तर अडगळ म्हणून मोडीत जातात. म्हणून आपल्या कारागीर बंधूंस विनंती, की छडा पुढे आला म्हणजे आधी तो भिंगाखाली पाहावा. चांगल्या इंग्रजी छड्याच्या कड्याकड्यांवर चालत्या सिंहाचा ठसा असतो. बर्मिंगहॅमचा असेल तर नांगरही दिसतो. ठसा नसल्यास मुलामा आहे की काय, हे पारखावे. झिजलेली कडी तेवढी झाळावी, सगळा छडा घासून नवा करू नये. काळेपणा रिठ्याच्या पाण्याने व मऊ फडक्याने काढावा. लांबी कमी पडल्यास मागे साधी साखळी जोडावी. दांडी मात्र कापू नये, तीच त्याची ओळख.

आणि मोड म्हणून आलेल्या गिऱ्हाइकास एकवार विचारावे, "हा कोणाचा?" उत्तर देताना त्याचा हात थबकला, तर मूस थोडी थांबवावी. त्यात आपली मजुरी बुडत नाही. एका घराचा माणूस मात्र घरात राहतो.