इद्दत, क्लेम आणि सहा महिने



आज कायद्याची कलमं पाठ करून घेणार नाही. एकच हिशोब मांडतो.

रस्त्यावरच्या अपघातात घरातला कमावता माणूस गेला, तर भरपाईचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. जखमीलाही हीच मुदत. ऑपरेशनं संपायची वाट बघत बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये 2019 साली ही दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2022 पासून ती लागू आहे. त्याआधी, 1994 पासून, मुदतच नव्हती. म्हणून मोहल्ल्यातले बुजुर्ग अजूनही सांगतात, "क्लेम कधीही लागतो."

आता दुसरी मुदत बघा. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. घरात सगळे म्हणतात, इद्दत होऊ दे, मग कागदांचं बघू. ती संपते तेव्हा हातात जेमतेम पन्नास दिवस उरतात, आणि एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा अहवाल यातलं काहीच गोळा झालेलं नसतं.

कायदा इद्दतीसाठी थांबत नाही. पण इद्दतही दाव्याच्या आड येत नाही. वकीलपत्रावर सही घरी बसून होते. अपघात सुरतजवळ झाला तरी तुम्ही भिवंडीत राहत असाल तर अर्ज ठाण्यात करता येतो. पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि तोच दावा म्हणून धरला जातो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारायचं काम तुम्हा पोरापोरींचं.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका, असं सांगितलं. तो आदेश अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

"पैसे घेणं म्हणजे मय्यतीचा सौदा", असंही ऐकू येतं. सूरह अन-निसाच्या 92 व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठी दियत सांगितली आहे. वारसांना ती माफ करता येते. पण तारीख निघून जाणं म्हणजे माफी नव्हे.

लोकलमधून पडल्याचं प्रकरण वेगळं. तो दावा रेल्वे न्यायाधिकरणात, एक वर्षाच्या आत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही, हे 2018 च्या निकालात स्पष्ट झालंय. हल्ली पास मोबाइलमध्येच असतो. मयताचा फोन साफ करून धाकट्या भावाला देण्याआधी तेवढं बघून घ्या.