अनंत हे उत्तर नव्हे



बक्षीस मिळवलेल्या तुम्हा सगळ्या विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन! बक्षिसावरून एक गोष्ट आठवली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं एक कथा आली आणि तिनं बक्षीस पटकावलं. लेखक निघाले विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर नको, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. कथेचं नाव ‘कृष्णविवर’.

मघाशी तुमच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “मॅडम, कृष्णविवराच्या अगदी मध्यभागी काय असतं?” हा प्रश्न घाईत उरकण्यासारखा नाही, म्हणून आज त्यावरच बोलते.

आपल्या सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर. तो दाबून 6 किलोमीटरचा केला, म्हणजे लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात मावेल एवढा, तर त्याचं कृष्णविवर होईल. सूर्याच्या नशिबी ते नाही. त्याला फार मोठा तारा लागतो. पण तसा तारा कोसळू लागला की कुठं थांबतो? आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं म्हणतात, थांबतच नाही. आकार शून्य, घनता अनंत. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी 1955 मध्ये मांडलेल्या समीकरणाच्या आधारानं रॉजर पेनरोज यांनी 1965 मध्ये दाखवलं, की आइन्स्टाइनच्या सिद्धांतात ही आपत्ती अटळ आहे. त्यांना 2020 चं नोबेल मिळालं.

मग प्रश्न सुटला का? नाही. भौतिकशास्त्रात उत्तर ‘अनंत’ आलं, की समजायचं, सिद्धांताची हद्द संपली.

ती हद्द ओलांडू पाहणाऱ्यांत आपले अभय अष्टेकर अग्रभागी आहेत. जन्म 1949 चा, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. 1986 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनचीच समीकरणं नव्या रूपात मांडली आणि त्यातून लूप क्वांटम गुरुत्वाचा सिद्धांत उभा राहिला. कापड लांबून सलग दिसतं, जवळून त्यातले धागे दिसतात. अवकाशही तसाच विणलेला आहे, असं हा सिद्धांत सांगतो. जागेलाच किमान माप असेल, तर शून्य आकार येणार कुठून? 2018 मध्ये अष्टेकर, हाविएर ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांनी गणित करून दाखवलं, की केंद्राशी अवकाश-काळाची वक्रता अनंत होत नाही. ती एका कमाल मर्यादेला पोचते आणि त्यापलीकडे अवकाश-काळ पुढे चालू राहतो.

हे अजून निरीक्षणानं सिद्ध झालेलं नाही. दुसरेही सिद्धांत शर्यतीत आहेत. शिवाय कृष्णविवराच्या आतून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही, मग पडताळायचं कसं? पण दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतात, तेव्हा उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी 2015 मध्ये प्रथम टिपल्या गेल्या. अशा लहरी टिपणारी वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. तिथं काम करायला माणसं लागतील, आणि ती तुमच्या या मावळातून का जाऊ नयेत?

शिक्षकांना माझी विनंती आहे: ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हणून प्रश्न मिटवू नका. ‘अजून कुणालाच माहीत नाही’ हे वर्गात मोकळेपणानं सांगा. त्यानं मूल खचत नाही, कामाला लागतं. आणि मुलांनो, नारळीकरांनी उभारलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पुण्यातच आहे. शाळकरी मुलांसाठी तिथं व्याख्यानं होतात. लोकल पकडा, शिवाजीनगरला उतरा, आयुकात जा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना बेधडक प्रश्न विचारा.